दुखलं तं सांगजो

कारंजा गावच्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, बदरूखालासारखी बांगडी भरणारी पुन्हा झाली नाही. नाव बदरुन्निसा, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला सवड कोणाला? मनियाराच्या घरची सून. नवरा वारला तशी त्याची टोपली हिनं आपल्या डोक्यावर घेतली आणि पेठ, मळे, आजूबाजूची खेडी सगळं पायाखाली घातलं. तोंड म्हणाल तर फटाक्याची माळ. जिच्या हातात बांगडी भरायची तिच्या सासूची, नणंदेची, नवऱ्याची अशी काही खेचायची, की बाई हसता हसता हात सैल सोडायची आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर गेलेली असायची.

पण हात हातात घेतला की पहिलं वाक्य ठरलेलं. "दुखलं तं सांगजो." नऊ वर्षांची नवरी असो नाहीतर नातवंडांची आजी, हे म्हटल्याशिवाय खाला बांगडीला हात लावायची नाही. म्हणायची आणि क्षणभर थांबायची, बाईनं "हो" म्हणेपर्यंत. मग तिची नजर बांगडीवर नसे, बाईच्या तोंडावर असे. कपाळाला आठी पडली की हात थांबला. भरताना फुटलेली बांगडी मनियारणीच्या पदरची, हा धंद्याचा रिवाज. त्याचं तिला काही वाटायचं नाही. पण पस्तीस वर्षांत एका बाईच्या हाताला तिनं ओरखडा येऊ दिला नव्हता, आणि याचा तिला भारी गर्व. धंद्यानं तिला एक शहाणपण शिकवलं होतं : जे दुखत नाही ते बाधत नाही. बांगडीला तोच नियम आणि बाकी सगळ्या दुनियेलाही तोच.

तो नियम तिच्या अंगावर कसा उलटला, ती ही गोष्ट. साल एकोणीसशे छत्तीस.

गावाबाहेर पुंजाजी माळ्याचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरच्या. रोज सकाळी भाजीची पाटी बाजारात. पुंजाजी बोलायला महाकंजूस. दिवसभरात दहा शब्द बोलला तर बैलसुद्धा वळून बघायचे. त्याची बायको हौसाबाई. ती नऊ वर्षांची नवरी होऊन आली तेव्हा तिचा चुडा खालानंच भरला होता. तेव्हा खाला स्वतः विशीतली, धाकधुकीनं हात चालवणारी. ती चार-चारदा विचारायची, "दुखते का वं?" आणि ती एवढीशी पोर ओठ दातांत धरून म्हणायची, "नाई दुखत." डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि म्हणे नाई दुखत!

ती सवय हौसाची कधी गेली नाही. विळ्यानं बोट कापलं तर पदराची चिंधी बांधून पुन्हा मेथी खुडायला बसणारी बाई. खाला तिला झापायची, "अवं भवाने, अल्लानं तोंड दिलं हाय ना तुले? मंग बोलत जाय ना!" हौसा नुसती हसायची. तेहेतीस वर्षांत मनियारीण आणि माळीण एवढंच नातं राहिलं नव्हतं. सुगीत हौसाकडची वांगी खालाच्या घरी जायची आणि ईदेचा शीरखुर्मा मळ्यात यायचा. पोटातली गोष्ट एकमेकींना सांगायच्या.

तशीच एक गोष्ट हौसानं दोन उन्हाळ्यांपूर्वी सांगितली होती. विहिरीच्या थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडतं तिथं, आजूबाजूला कोणी नाही बघून.

"खाला, मले लघवी लाल होऊन राह्यली. कुंकवाच्या पान्यावानी."

"दुखते?"

"नाई वं. कायबी नाई दुखत. म्हनूनच तं नवल."

खालानं हात झटकला. "मंग काय होते! चैताचं ऊन हाय, उन्हाळी लागली तुले. रातच्याले धने भिजू घाल अन् सकाळी ते पानी पे."

हौसा प्यायली. चार दिवसांत लाली गेली. खालानं आपल्याच पाठीवर शाबासकी दिली. पुढं पावसाळ्यात पुन्हा तसंच झालं, पुन्हा धने, पुन्हा गेलं. हिवाळ्यात तिसऱ्यांदा. आता हिवाळ्यात कसली आली उन्हाळी? आणि उन्हाळी म्हटली की आगीसारखी जळते, ही तर जळतही नव्हती. पण दुखत नाही ना, मग झालं! पुंजाजीला दोघींनी काही कळू दिलं नाही. असल्या गोष्टी पुरुषाला सांगायच्या असतात का?

तर त्या साली भादव्यात महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या होत्या. खाला टोपली घेऊन मळ्यात आली. हौसा बारीक दिसत होती, गालाची हाडं वर आलेली. खालानं चिडवलं, "काय वं, पुंजाजी खाऊ नाई घालत का?" हौसा हसली आणि उजवा हात पुढं केला. हिरव्यागार सहा बांगड्या सुरळीत चढल्या. मग डावा.

"हा जरा हळू भर, खाला. मोटेच्या नाड्यानं मुरगळला वाटते."

मनगटाजवळ किंचित सूज होती. खाला म्हणाली, "मंग राहू दे. आठ दिसानं भरू."

"अवं, परवा घरात महालक्ष्म्या येतात, अन् मी एक हात भुंडा घेऊन त्यायले ओवाळू? भर तू."

"दुखलं तं सांगजो."

"हो."

खालानं साबणाचं पाणी लावलं, अंगठ्याचं मूळ आत दाबलं, हात हळूहळू मळला. एक गेली. दुसरी गेली. खाला हौसाच्या तोंडाकडे बघत होती. आठी नाही, काही नाही. तिसरीला तिनं अंगठा जरा दाबला, बांगडी गेली, आणि त्याच वेळी कट असा आवाज झाला.

काचेचा आवाज खालाला झोपेतही ओळखू आला असता. हा काचेचा नव्हता. तिन्ही बांगड्या मनगटावर शाबूत होत्या. हौसाचं तोंड पांढरंफटक पडलं आणि जन्मात पहिल्यांदा ती ओरडली, "माय वं!"

मनियारणीनं माळणीचा हात मोडला! दुपारपर्यंत ही बातमी साऱ्या बाजारात झाली. त्या भरल्या सणाच्या दिवसांत चार घरांनी खालाला दारातूनच परत पाठवलं. कोणी तोंडावर बोललं नाही, पण लेकीसुनांचे हात पदराखाली गेले. खालाला त्याचं दुःख नव्हतं असं नाही. पण रात्रंदिवस तिच्या कानात तो आवाज होता. मी दाबला, माझ्या अंगठ्यानं दाबला. पस्तीस वर्षांचा गर्व मातीत गेला तो गेला, पण जावा तो हौसाच्याच हातापायी! ती जेवायला बसली की तिला स्वतःचाच अंगठा नको व्हायचा.

सूज वाढली तशा त्या तीन बांगड्या काढाव्या लागल्या. खालानंच कापड घालून एकेक वाढवली. त्या दिवसापासून हौसानं डावा हात पदराखालून बाहेर काढला नाही. नवरा समोर धडधाकट आणि बाईचं मनगट मोकळं! मोडलेल्या हाताची नाही, तिला त्या मोकळ्या मनगटाची लाज वाटायची.

खालानं तांड्यावरून सेवादासला आणलं. सेवादास हाडं बसवणारा, दहा कोसांत त्याचं नाव. त्यानं हात मांडीवर घेतला, डोळे मिटले, बोटं फिरवली. मग सूज होती तिथं एक बोट ठेवून बराच वेळ तसाच बसला. बांबूच्या कामट्या आणल्या होत्या, त्या त्यानं पुन्हा फडक्यात गुंडाळल्या.

"काहून? बांधत नाईस?" खालानं विचारलं.

"मी मोडलेलं हाड बांधतो, बाई. हे मोडलं नाई. हे आतून खाल्लं हाय कशानं तरी." त्यानं खालाचं बोट धरून सुजेवर ठेवलं. "पाह्य, नाडी उडून राह्यली आत. हाडात कधी नाडी असते का? मले नाई समजत हे. डाक्टरकडे न्या."

खरंच, आत काहीतरी थडथड उडत होतं. खालानं बोट चटका बसल्यासारखं मागं घेतलं.

एका हातानं हौसाला वेणी घालता येईना, म्हणून खाला तिचे केस विंचरून द्यायची. चार दिवसांनी फणी डोक्यात अडकली. केस बाजूला करून बघते तर सुपारीएवढी गाठ. तिनं भीत भीत बोट लावलं. तीही थडथडत होती. हात कुठं, डोकं कुठं! खालानं केस पुन्हा त्यावर ओढले.

"काय हाय वं?" हौसानं विचारलं.

"काई नाई. गुंता हाय," खाला म्हणाली. "दुखते का?"

"नाई."

तो "नाई" ऐकून खालाला पहिल्यांदा भीती वाटली.

संध्याकाळी तिनं पुंजाजीला गाठलं आणि अकोल्याला चला म्हणून हट्टच धरला. हौसा म्हणाली, खाला येत असेल तरच मी येते. मग मूर्तिजापूरपर्यंत छोटी गाडी, तिथून मोठी, अशी तिघं अकोल्याला एका मोठ्या डॉक्टरकडे पोचली. डॉक्टर वयस्कर होता, चष्म्यातून बघणारा, बोलायला मऊ. त्यानं हात पाहिला, डोकं पाहिलं, आणि मग, कोणालाच कळेना का, हौसाला आडवं करून तिची कूस चाचपायला लागला. डाव्या कुशीत त्याचा हात थांबला.

"बाई, लघवीतून कधी रक्त गेलं होतं?"

पुंजाजी तिथंच उभा होता. हौसानं एकदा खालाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "नाई."

"नीट आठवा. लाल, काहीही न दुखता?"

"नाई जी."

आता खालानं काय करावं? गप्प राहिली असती तर कोणाला कळणार होतं? हौसानं तिला वाचवलंच होतं की. पण डॉक्टरनं "काहीही न दुखता" म्हटलं आणि खालाला राहवेना. ती म्हणाली, "झालतं, डाक्टरसाब. तीन बार. मले सांगतलं होतं तिनं. मीच म्हनलं उन्हाळी हाय. धने पे म्हनलं."

पुंजाजीनं वळून आधी बायकोकडे आणि मग खालाकडे पाहिलं.

डॉक्टरनं हात धुतले आणि मग सांगितलं. रोग हाताचा नाही, डोक्याचाही नाही. रोग मूत्रपिंडात आहे, कुशीत. तिथं गाठ होते, दुखत नाही, आणि तिचं बी रक्ताबरोबर अंगभर फिरतं. कुठं रुजेल याचा नेम नाही. बहुतेकदा छातीत, हाडांत. पण कधी असं मनगटात, टाळूवर, जिथं कोणी स्वप्नातही शोधणार नाही तिथं. हा हात बांगडीनं मोडलेला नाही. तो आतून पोकळ झाला होता. उद्या पाण्याची घागर उचलताना मोडला असता.

"मंग कापून काढा जी," पुंजाजी म्हणाला. "हात गेला तं गेला. मी करीन तिचं."

"किती ठिकाणी कापू?" डॉक्टर म्हणाला. म्हणताना त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण तो खिडकीकडे बघायला लागला.

बाहेर पडताना खाला मागं राहिली. "डाक्टरसाब, दोन सालाआधी आनलं असतं तं?"

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. "नक्की सांगता येत नाही, बाई. गाठ कुशीतच असती तर मूत्रपिंड काढून पाहता आलं असतं. वाचल्या असत्या, कदाचित. कदाचित नसत्याही."

घ्या! हात मोडल्याचा आळ गेला, आणि जो आळ कोणी घेतलाच नव्हता तो जन्मभरासाठी गळ्यात पडला. त्या "कदाचित"चं खालानं काय करायचं होतं? "हो" म्हटलं असतं तर तिनं कपाळ फोडून घेतलं असतं, "नाही" म्हटलं असतं तर सुटली असती. परतीच्या गाडीत ती कोपऱ्यात तोंड लपवून बसली.

गाडी मूर्तिजापूरला लागली. पुंजाजी बायकोला म्हणाला, "मले काहून नाई सांगतलं?"

"बाप्या मानसाले काय सांगाचं ते," हौसा म्हणाली. "अन् दुखत तं नव्हतं."

मळ्यात परतल्यावर हौसानं खालाला एकदाच रडताना पकडलं आणि दटावलं. "गप वं. तू नसती तं मी कोनालेच सांगतलं नसतं. तुले तरी सांगतलं." मग जरा वेळानं म्हणाली, "माहं एक काम कर. मले भरल्या हातानं जाऊ दे. दोन्ही हात. भुंड्या हातानं नोको धाडू."

एवढंच मागितलं तिनं. जिनं आयुष्यात काही मागितलं नाही तिनं दोन बांगड्या मागितल्या, आणि मागितल्या कोणाजवळ, तर मनियारणीजवळ! खालाच्या घरात बांगड्यांचे डोंगर होते. तिनं सगळ्या पेट्या उपसल्या, मोठ्यातल्या मोठ्या मापाची काच काढली, पेठेतल्या दुसऱ्या मनियाराकडून आणखी मोठी आणली. पण आता हाताला बोट लावलं तरी हौसाच्या कपाळाला आठी पडायची. ती अजूनही "नाई दुखत" म्हणायची, पण खालाचा त्या शब्दावरचा विश्वास उडाला होता. आठी दिसली की ती बांगडी मागं घ्यायची.

शेवटी तिनं हिरवा रेशमी दोरा आणला आणि मनगटावर सैलसर बांधला. "हा तोवर चुडा समज. सूज उतरली की काच भरू."

"उतरते का?"

"उतरते ना. काहून नाई उतरत?" खाला खोटं बोलली.

दर शुक्रवारी ती यायची आणि दोऱ्याची गाठ सोडून जरा पुढं बांधायची. तेहेतीस वर्षं हौसाचं बांगडीचं माप सव्वादोन होतं, मळ्यात राबूनही पोरीसारखा हात. कार्तिकात दोरा अडीचाला गेला. मार्गशीर्षात पावणेतीनाला. पौष लागला तेव्हा दोराच पुरेना, दुसरा जोडावा लागला. खालानं कधी तोंडानं माप काढलं नाही, पण तिच्या बोटांना ते आपोआप कळायचं. अल्लाला ती म्हणायची, हे एक तरी कळू देऊ नको मला. तोवर हौसाच्या मानेवर आणखी एक गाठ आली आणि मग जिभेच्या कडेला वाटाण्याएवढी. आवाज बोबडा झाला. लेक अंजना सासरहून येऊन राहिली, वरणाचं पाणी चमच्यानं पाजायची. वैद्य झाले, अंगारे झाले, खालानं दर्ग्यावर चादर चढवली. कशाचाही काही उपयोग नव्हता. माणसानं नुसतं बसून बघायचं, एवढंच काम उरलं होतं.

संक्रांतीला चार दिवस असताना, सकाळी मोटेचा आवाज यायच्या वेळेला हौसा गेली. अंजनानं खालाला बोलावणं धाडलं. सवाष्ण बाईचा शेवटचा चुडा, तो मनियारणीनंच भरायचा. तिथं जातपात कोणी काढत नाही. संक्रांतीसाठी आणलेल्या कोऱ्या हिरव्या बांगड्या टोपलीत होत्याच. त्याच घेऊन खाला आली.

ओसरीवर हौसाला नवं लुगडं नेसवून निजवलं होतं, कपाळभर कुंकू. बायका सरकून बसल्या. खालानं उजवा हात घेतला. वाळून काडी झालेला, बांगड्या आपसूक गेल्या. मग पलीकडे जाऊन तिनं डावा हात मांडीवर घेतला, दोऱ्याची गाठ सोडली आणि सगळ्यात मोठी बांगडी बोटांवर चढवली. ती अंगठ्याच्या मुळाशी अडली.

"दाब वं," शेजारची हौसाची थोरली जाऊ हळूच म्हणाली. "आता काय दुखते तिले?"

खरंच होतं ते. आता दाबायला काही हरकत नव्हती. खालानं आपला अंगठा त्याच जागी ठेवला, जिथं भादव्यात ठेवला होता. आणि सवयीनं, काही ध्यानीमनी नसताना, तिच्या तोंडून निघून गेलं.

"दुखलं तं सांगजो, हौसा."

म्हणाली आणि थांबली. नेहमी थांबायची तशी, हौसाच्या तोंडाकडे बघत, "हो" येईपर्यंत. ओसरीवर कोणी हललं नाही. अंजनानं पदर तोंडात कोंबला. खाला बघतच राहिली, कपाळाला आठी पडते का ते. कुंकवाखालचं कपाळ साफ होतं. अंगठा होता तिथंच होता, पण दाबला जाईना.

पुंजाजी खांबाला टेकून उभा होता. तो पुढं आला आणि खालाच्या जवळ उकिडवा बसला.

"राहू द्या, खाला," तो म्हणाला. "तिनं सांगतलंच नसतं."

मग त्यानं खाली पडलेला हिरवा दोरा उचलून तिच्या हातात दिला. खालानं तो तीन बांगड्यांतून ओवला आणि हौसाच्या मनगटावर सैलसर बांधला.